यूमास्क टर्मिनलवर चालते, मग बिल्डमध्ये का सापडत नाही?

यूमास्क ही नव्या फाइलींच्या परवानगीवर मर्यादा घालणारी कमांड. टर्मिनलमध्ये 'यूमास्क ०२२' लिहून एंटर दाबलं की काम गुपचूप होऊन जातं. तीच ओळ अँटच्या (जावाच्या कोडपासून पॅकेज तयार करणाऱ्या साधनाच्या) बिल्ड फाइलमध्ये टाकली की बिल्ड मध्येच बंद पडतं आणि लॉग सांगतो: यूमास्क हा प्रोग्राम चालवता आला नाही, एरर २, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. आत्ता तर चालली होती, मग गेली कुठे?

इंदूरला विजयनगरपासून सुपर कॉरिडॉरपर्यंत सॉफ्टवेअरची जी ऑफिसं आहेत, तिथे नव्याने लागलेल्या मुलामुलींना हा प्रश्न कधी ना कधी पडतो. मोठ्या कंपनीत बिल्डसाठी वेगळी टीम असते, त्यामुळे निभावून जातं. आठ-दहा जणांच्या ऑफिसात मात्र ज्याने कोड लिहिला त्यालाच तो सर्व्हरवरही चढवायचा असतो. वेळ नसतो, क्लायंटचा फोन चालू असतो, आणि मग 'सीएचमॉड ७७७' मारून, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी देऊन, मोकळं व्हायचं असं ठरतं. काम चालू होतं, पण दुखणं तसंच राहतं. ते नेमकं काय आहे हे पायरीपायरीने पाहू. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. कीबोर्डवर त्या अर्थातच रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या; जिथे रोमन मोठं अक्षर दिलं आहे, तिथे ते मोठंच.

आधी परवानगीचे आकडे

लिनक्स, मॅक आणि युनिक्सच्या घराण्यातल्या सगळ्या सिस्टिममध्ये प्रत्येक फाइलला तीन पक्ष असतात: मालक, फाइलचा ग्रुप आणि बाकी सगळे. प्रत्येक पक्षाला वाचायची परवानगी म्हणजे ४, लिहायची २ आणि चालवायची १. ६४४ म्हणजे मालक वाचू-लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात. ७५५ म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि चालवणं.

डिरेक्टरीच्या बाबतीत 'चालवणं' म्हणजे आत जाणं. हे नीट लक्षात ठेवायला हवं. डिरेक्टरीला ६४४ दिलं तर तिच्यातल्या फाइलींची नावं दिसतील, पण एकही फाइल उघडता येणार नाही. वेब सर्व्हर ४०३ (प्रवेश नाही) देतो, फाइलची परवानगी पाहावी तर अगदी बरोबर असते. अशा वेळी दोष बहुतेकदा वरच्या एखाद्या डिरेक्टरीत सापडतो.

यूमास्क करते काय? वजाबाकी तर नाही

कुठलाही प्रोग्राम नवी फाइल तयार करताना कर्नेलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) परवानगी मागतो. साध्या फाइलसाठी बहुतेक प्रोग्राम ६६६ मागतात, डिरेक्टरीसाठी ७७७. यूमास्क हा त्या प्रोसेसला (चालू असलेल्या प्रोग्रामला) चिकटलेला एक आकडा आहे. त्या आकड्यात जे बिट (४, २, १ यांपैकी) चालू असतील ते कर्नेल मागणीतून काढून टाकतो. ०२२ असेल तर फाइल ६४४ आणि डिरेक्टरी ७५५ होते. ०२७ असेल तर ६४० आणि ७५०. ०७७ असेल तर ६०० आणि ७००, म्हणजे मालकाशिवाय कुणालाच प्रवेश नाही.

क्लासमध्ये हे '६६६ वजा ०२२' असं शिकवतात. उत्तर जुळतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ०३३ घेऊन पाहा. वजाबाकीने ६३३ येतं, म्हणजे ग्रुपला फाइल वाचता येत नाही पण लिहिता आणि चालवता येते, जे अगदीच विचित्र आहे. प्रत्यक्षात उत्तर ६४४ आहे. मागितलेला ६ म्हणजे ४ आणि २. मास्कमधला ३ म्हणजे २ आणि १. काढायचे २ आणि १. त्यातला २ होता, तो गेला. १ मुळात मागितलाच नव्हता, त्यामुळे काढायला काही नाही. उरला ४.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा घोळ त्यांच्यावरच उभा आहे. पहिली, यूमास्क परवानगी फक्त कमी करते, कधीच वाढवत नाही. फाइल कॉपी करणारी 'सीपी' कमांड नेहमीच्या वापरात मूळ फाइलची परवानगी घेते आणि त्यातून मास्क काढते. मूळ फाइल ६०० असेल तर यूमास्क ०२२ करून कॉपी केली तरी ती ६००च राहणार. दुसरी, तिचा परिणाम फाइल जन्माला येते त्या क्षणापुरताच. आधीपासून असलेल्या फाइलवर रीडायरेक्ट करून (> वापरून) नवा मजकूर लिहिला तरी परवानगी जुनीच राहते. म्हणूनच यूमास्क बदलून बिल्ड पुन्हा चालवलं आणि फरक पडला नाही, तर आधी 'क्लीन' केलं होतं का, म्हणजे जुन्या तयार फाइली पुसल्या होत्या का, ते पाहावं.

टर्मिनलला सापडते, अँटला का नाही

'सीएचमॉड' हा डिस्कवर असलेला खराखुरा प्रोग्राम आहे. यूमास्क ही शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, आत बांधलेली कमांड आहे. अशा कमांडला बिल्ट-इन म्हणतात. खात्री करायची असेल तर 'टाइप यूमास्क' चालवा. शेल स्वतःच सांगेल की ती बिल्ट-इन आहे.

अँटचं एक्झेक टास्क, किंवा पायथॉनमधलं सबप्रोसेस, शेलला मध्ये न घेता थेट ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं की या नावाचा प्रोग्राम शोध आणि चालव. उबंटूवर त्या नावाची फाइलच नाही, म्हणून एरर २.

आता यातला फसवा भाग. पॉसिक्स या युनिक्सच्या घराण्यासाठीच्या प्रमाणाप्रमाणे यूमास्क, सीडी यांसारख्या कमांड प्रोग्राम म्हणूनही हाक मारल्यावर सापडल्या पाहिजेत. मॅकवर आणि रेड हॅट, फेडोरा यांच्यावर त्या नावाची छोटी स्क्रिप्ट यूएसआर-बिनमध्ये ठेवलेली असते. तिथे तेच बिल्ड एरर न देता पुढे जातं, आणि परिणाम मात्र शून्य. लॅपटॉप उबंटूचा आणि क्लायंटचा सर्व्हर रेड हॅटचा, ही जोडी आपल्याकडे नेहमीची. लॅपटॉपवर बिल्ड पडतं, सर्व्हरवर ते 'पास' होतं आणि माणूस समजतो की लॅपटॉपमध्येच काहीतरी गडबड आहे. खरं तर लॅपटॉपने प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

परिणाम शून्य का, तर यूमास्क हा प्रोसेसचा गुण आहे. नवी प्रोसेस जन्मताना पालक प्रोसेसचा मास्क तिला वारशाने मिळतो. त्यानंतर तिने आपला मास्क कितीही बदलला तरी पालकाच्या मास्कला धक्का लागत नाही. म्हणून ही कमांड बिल्ट-इन असण्याला पर्यायच नाही. वेगळा प्रोग्राम स्वतःचा मास्क बदलेल आणि लगेच संपेल.

"मग शेलमधूनच चालवू की!"

बरोबर विचार, पण अर्धाच. एक्झेक टास्कमध्ये प्रोग्राम म्हणून 'एसएच' द्या, पहिला आर्ग्युमेंट '-सी' आणि दुसरा 'यूमास्क ०२२'. एरर जाईल. पण तो शेल ती एक ओळ चालवून संपला, की त्याच्याबरोबर त्याचा मास्कही संपला. पुढच्या टास्कला अँटचाच जुना मास्क मिळणार.

इंदूरच्या सराफा बाजारात रात्री बंद दुकानासमोर खाण्याचा ठेला लागतो. ठेलेवाला आपली मांडणी हवी तशी करतो, पहाटे सगळं आवरून नेतो; सकाळी सराफाने शटर उघडलं तर आतली मांडणी होती तशीच. चाइल्ड प्रोसेसचं हे असंच आहे.

म्हणून नियम असा: मास्क बदलायचा आणि फाइली तयार करायच्या त्या एकाच शेलमध्ये. दुसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये पूर्ण काम द्या (बिल्ड फाइल एक्सएमएल असल्यामुळे && असं लिहावं लागतं):

'यूमास्क ०२२ && एमकेडीर -पी डिस्ट && सीपी -आर वेब डिस्ट'

अँटच्या स्वतःच्या कॉपी टास्कला मात्र याचा उपयोग नाही, कारण ते जावाच्या प्रोसेसमध्ये चालतं. ते मूळ फाइलची परवानगी जपत नाही. नवी फाइल त्या प्रोसेसच्या मास्कप्रमाणे तयार होते. अँटच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. संपूर्ण बिल्डला एकच मास्क हवा असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अँटच्या बाहेर दोन ओळींची स्क्रिप्ट: पहिल्या ओळीत यूमास्क ०२२, दुसऱ्या ओळीत अँट. वारसा वरून खाली येतो, म्हणून मास्क वरच लावायचा.

पायथॉनमध्ये बिल्ड लिहिलं असेल तर शेलची गरजच नाही. ओएस मॉड्यूलमधलं यूमास्क फंक्शन चालू प्रोसेसचा मास्क बदलतं, आणि ३.९ पासून सबप्रोसेसला यूमास्क हा पॅरामीटरच देता येतो.

मेक, डॉकर आणि सीआय: नवा शेल कुठे सुरू होतो?

मेक हे बिल्डचं आणखी एक साधन. त्याच्या मेकफाइलमध्ये रेसिपीची (एका टार्गेटसाठी लिहिलेल्या कमांडची) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालते. एका ओळीवर यूमास्क, खालच्या ओळीवर सीपी, असं लिहिलं तर वरची ओळ वाया. दोन्ही एकाच ओळीत && ने जोडा. जीएनयू मेकच्या ३.८२ आवृत्तीपासून 'वनशेल' नावाचं खास टार्गेट आहे, त्याने पूर्ण रेसिपी एका शेलमध्ये चालते. पण ते त्या मेकफाइलमधल्या सगळ्याच रेसिपींना लागू होतं, आणि मधली एखादी ओळ फसली तरी शेल पुढे जात राहतो. ते टाळायचं तर शेलच्या फ्लॅगमध्ये '-ई' घालायला विसरू नका.

डॉकर अॅप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधतं आणि ती इमेज कंटेनर म्हणून चालवतं. इमेजची कृती लिहिलेल्या डॉकरफाइलमध्ये प्रत्येक रन ही स्वतंत्र पायरी आहे. एका रनमधली यूमास्क दुसऱ्यात पोचत नाही. सीआय म्हणजे कोड चढवला की आपोआप बिल्ड करणारी व्यवस्था. त्यातल्या गिटहब अॅक्शन्समध्ये प्रत्येक रन स्टेपला नवा शेल मिळतो, जेन्किन्समध्ये प्रत्येक एसएच स्टेपला. गिटलॅबमध्ये मात्र बिफोर-स्क्रिप्ट आणि स्क्रिप्ट एकाच शेलमध्ये चालतात, त्यामुळे तिथे वर लावलेला मास्क खालीपर्यंत टिकतो. आफ्टर-स्क्रिप्ट वेगळ्या शेलमध्ये असते.

डॉकरचा एक किस्सा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण तो शोधायला फार वेळ खातो. बिल्ड सर्व्हरवर सुरक्षेसाठी मास्क ०७७ आहे. गिट फाइलींची पूर्ण परवानगी साठवत नाही. फाइल चालवता येते की नाही एवढंच लक्षात ठेवतं, ६४४ किंवा ७५५. चेकआउट करताना (फाइली मशीनवर उतरवताना) बाकीचं त्या मशीनच्या मास्कवर अवलंबून. त्यामुळे कॉन्फिगची फाइल तिथे ६०० होते. मग डॉकरफाइलमधली कॉपी ही सूचना फाइल इमेजमध्ये नेते आणि मूळची परवानगी तशीच ठेवते, मालक मात्र रूट (सिस्टिमचा सर्वाधिकारी यूजर) करते. इमेजच्या शेवटी तुम्ही शहाणपणाने यूजर बदलून साधा यूजर लावला आहे. कंटेनर सुरू होतो आणि अॅप म्हणतं, कॉन्फिग वाचता येत नाही. तुमच्या लॅपटॉपवर मास्क ०२२, तिथे तीच डॉकरफाइल सुरळीत चालते. कोडमध्ये एका अक्षराचा फरक नाही, तरी दोन मशीनवर दोन वेगळ्या इमेज.

यावर कॉपी सूचनेला '--सीएचमॉड' हा पर्याय द्या. मात्र त्याला ६४४ दिलं तर डिरेक्टरींनाही ६४४ लागतं आणि वर सांगितलेला आत न जाता येण्याचा प्रकार होतो. फाइली आणि डिरेक्टरी दोन्ही असतील तर कॉपीच्या सूचना वेगळ्या करा. नंतरच्या रनमध्ये सीएचमॉड केलं तरी चालतं, पण नुसती परवानगी बदलली तरी ती फाइल नव्या लेयरमध्ये पूर्ण उतरते आणि इमेज तेवढी फुगते.

"एवढं कशाला? शेवटी सीएचमॉड ७७७ मारू"

७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या कुठल्याही प्रोसेसला तुमची फाइल बदलता येते. वेब अॅपमध्ये एक भोक सापडलं की हल्लेखोर तुमचाच कोड बदलून ठेवणार. हे कधीच करू नका, 'सध्यापुरतं' म्हणूनही नाही. सध्यापुरतं केलेलं ७७७ सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून असतं. शिवाय काही प्रोग्राम जास्त सैल परवानगी दिसली की काम नाकारतात. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचची प्रायव्हेट की ६४४ असली तरी एसएसएच ती वापरत नाही.

'सीएचमॉड -R ७५५' हा त्यातला सभ्य भाऊ. त्याने प्रत्येक चित्र, प्रत्येक टेक्स्ट फाइल 'चालवता येणारी' होते. त्याऐवजी हे वापरा:

'सीएचमॉड -R यू=आरडब्ल्यूX,जीओ=आरX'

इथे सुरुवातीचा R आणि दोन्ही X मोठ्या लिपीतलेच हवेत. X मोठ्या लिपीत लिहिला तर डिरेक्टरींना आणि आधीच कुणासाठी तरी चालवता येणाऱ्या फाइलींनाच चालवण्याची परवानगी मिळते, बाकीच्यांना नाही.

आणखी एक बारकावा. 'सीएचमॉड +एक्स' असं लिहिलं, म्हणजे कुणाला ते सांगितलंच नाही, तर सीएचमॉड मास्क पाहतं. मास्क ०७७ असेल तर परवानगी फक्त मालकाला मिळते. 'ए+एक्स' लिहिलं तर मास्क न पाहता सगळ्यांना मिळते. बिल्ड स्क्रिप्टमध्ये नेहमी कुणाला ते लिहा.

मग यूमास्क कुठेच नको का?

हवी, आणि एका ठिकाणी तिला तोड नाही: गुप्त फाइल तयार करताना. आधी फाइल लिहिली, मग सीएचमॉड ६०० केलं, तर या दोन क्षणांच्या मध्ये ती फाइल ६४४ असते. तेवढ्यात दुसऱ्या यूजरच्या प्रोसेसने ती उघडली तर नंतर परवानगी आवळून उपयोग नाही. एकदा उघडलेली फाइल तिला वाचता येतच राहते. एकाच मशीनवर अनेकांची बिल्ड चालत असतील तर हा धोका खरा आहे. म्हणून फाइल जन्मतःच बंद हवी. कंस वापरून सबशेल करा: कंसाच्या आत 'यूमास्क ०७७', अर्धविराम, मग की लिहायची कमांड, आणि रीडायरेक्टही कंसाच्या आतच. कंस संपला की मास्क पूर्वीसारखा.

बाकी जी फाइल शेवटी कुठेतरी ठेवली जाणार आहे, तिची परवानगी ठेवण्याच्या जागी आकड्यात लिहावी, हे माझं ठाम मत आहे. 'इन्स्टॉल -एम ७५५' ही कमांड कॉपी आणि परवानगी एकत्र करते आणि मास्क बघत नाही. डिरेक्टरीसाठी 'इन्स्टॉल -डी -एम ७५५'. 'एमकेडीर -पी -एम' वापरताना सावध राहा: दिलेला आकडा फक्त शेवटच्या डिरेक्टरीला लागतो, मधल्या डिरेक्टरी मास्कप्रमाणे तयार होतात. अँटच्या टार (अनेक फाइलींचं एक पॅकेज करणाऱ्या) टास्कमध्ये टारफाइलसेटला फाइलमोड आणि डिरमोड देता येतात, मेव्हन या जावाच्या दुसऱ्या बिल्ड साधनाच्या असेंब्ली प्लगिनमध्ये फाइलमोड आणि डिरेक्टरीमोड. विंडोजवर टार बनवत असाल तर हे आकडे द्यायलाच हवेत, कारण तिथे चालवण्याचा बिट असा नसतोच. गिटमध्ये स्क्रिप्टचा तो बिट विंडोजवरूनही लावता येतो: 'गिट अपडेट-इंडेक्स --सीएचमॉड=+एक्स', पुढे फाइलचं नाव.

"माझ्या मशीनवर तर सगळं ठीक आहे"

कारण बिल्ड सर्व्हरचा मास्क तुम्ही ठरवलेला नसतो. सीआयचा एजंट सिस्टमडीची (लिनक्सवर पडद्यामागच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) सर्व्हिस म्हणून चालत असेल तर तो तुमची प्रोफाइल वाचत नाही; त्याचा मास्क सर्व्हिस फाइलमधल्या यूमास्क या सेटिंगवरून येतो, काही लिहिलं नसेल तर ००२२. गिटलॅब रनरच्या डॉकर एक्झिक्युटरमध्ये मास्क ०००० लावला जातो आणि चेकआउट झालेल्या फाइली सगळ्यांना लिहिता येण्यासारख्या होतात. तो बंद करायला वेगळा फीचर फ्लॅग आहे.

रूट म्हणून कमांड चालवणारं सुडोही यात भर घालतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये ते तुमचा मास्क आणि ०२२ यांची बेरीज नव्हे, तर एकत्रीकरण घेतं. तुमचा ०७७ असेल तर 'सुडो मेक इन्स्टॉल'मध्येही ०७७च राहतो, आणि त्यात सीपीने ठेवलेला प्रोग्राम फक्त रूटला चालवता येतो. डिरेक्टरीवर डीफॉल्ट एसीएल (परवानग्यांची वेगळी, सविस्तर यादी) लावलेला असेल तर तिथे यूमास्क विचारातच घेतली जात नाही. गिटहबवर आर्टिफॅक्ट (बिल्डमधून तयार झालेल्या फाइली) चढवताना झिप होतं आणि परवानग्या जातात; आधी टार करून मग चढवा.

काही वेळा दोष परवानगीचा नसतोच. एक्झिट कोड १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही. १२७ म्हणजे सापडलीच नाही. फाइल ७५५ असूनही १२६ येत असेल तर डिस्कचा तो भाग 'नोएक्झेक' (इथलं काही चालवू नका) लावून माउंट केलाय का ते पाहा. तिथे सीएचमॉड कितीही मारलं तरी फरक पडत नाही.

तपासायचं कसं

चालू प्रोसेसचा मास्क पाहायचा तर प्रॉक डिरेक्टरीत त्या प्रोसेसच्या नंबराखाली स्टेटस ही फाइल असते. लिनक्स ४.७ पासून तिच्यात यूमास्कची ओळ येते. सीआय एजंटवर शंका असेल तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही ओळ वाचावी.

खरी परीक्षा मात्र अशी. एका रिकाम्या डिरेक्टरीत यूमास्क ०२२ लावून नवा क्लोन घ्या, बिल्ड करा, तयार पॅकेजची यादी 'टार -टीव्हीएफ'ने एका फाइलमध्ये काढा. दुसऱ्या रिकाम्या डिरेक्टरीत यूमास्क ०७७ लावून हेच सगळं पुन्हा. क्लोनही नवाच हवा, कारण चेकआउटमध्येच निम्मी गडबड होते. मग दोन्ही याद्यांतला परवानग्यांचा आणि नावांचा रकाना ताडून पाहा. तारखा आणि वेळा वेगळ्या असणारच, त्या सोडून द्या. जिथे परवानगी वेगळी दिसेल, तिथे तुमच्या बिल्डने आकडा लिहिलेला नाही, मशीनवर सोडून दिला आहे. त्या प्रत्येक ओळीसाठी इन्स्टॉल, फाइलमोड किंवा --सीएचमॉड यांपैकी योग्य ते घाला.

एवढं झालं की सीआयमध्ये पॅकेज करण्याआधी एक छोटी स्टेप ठेवा: 'फाइंड डिस्ट -टाइप एफ -पर्म /००२'. सगळ्यांना लिहिता येणारी एकही फाइल सापडली तर तिचं नाव छापून बिल्ड तिथेच थांबवा. फाइंड काही सापडलं तरी एक्झिट कोड शून्यच देतं, म्हणून त्याचं आउटपुट रिकामं आहे का हे स्क्रिप्टमध्ये वेगळं तपासावं लागतं. नाहीतर ही स्टेप रोज हिरवी दिसेल आणि काहीच अडवणार नाही.